सीपॅपचे पहिले पंधरा दिवस: स्लीप ॲप्नियाच्या उपचाराशी जुळवून घेताना

या टिपणात आपण स्लीप ॲप्निया या विकारावरचा सीपॅप यंत्राचा उपचार सुरू झाल्यानंतरचा पहिला पंधरवडा पाहणार आहोत. पाठ्यपुस्तकात विकाराची व्याख्या, निदानाची पद्धत आणि उपचाराचे नाव मिळते. यंत्र घरी आल्यावर पहिल्या रात्री काय होते याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते, आणि उपचार सुटतो तो बहुधा तिथेच. उदाहरणे दिल्ली आणि आसपासच्या परिसरातली घेतली आहेत, कारण तिथली हवा, पाणी, वीज आणि ऋतू या चारही गोष्टी या यंत्राच्या कामात सरळ ढवळाढवळ करतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वडील, आई, काका किंवा आजोबा यांना हे यंत्र सांगितलेले असेल. त्यांच्या उपयोगी पडावे हाही हेतू आहे. यंत्राचा दाब किंवा औषधे यांत बदल करायचा तो मात्र डॉक्टरांना विचारूनच.

विकार थोडक्यात

झोप लागली की शरीराचे स्नायू सैलावतात, तसे घशाचेही सैलावतात. घसा मुळात अरुंद असेल, किंवा मानेभोवती चरबी असेल, तर श्वास आत ओढताना घशाच्या मऊ भिंती एकमेकींकडे खेचल्या जाऊन चिकटतात. छाती आणि पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुर्र आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तो एवढेच म्हणतो की आठ तास झोपलो, तरी अंग जड आहे.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर ती एक घटना मोजतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर तीही मोजतात. झोपेच्या एका तासात अशा सरासरी किती घटना झाल्या त्या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांत ५ पेक्षा कमी म्हणजे सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, हा हिशेब मनात ठेवा. पुढे तो लागेल.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहरी मध्यमवयीन पुरुषांपैकी १९.५ टक्के जणांत झोपेतील श्वासाचा विकार आढळला. त्यासोबत दिवसा अनावर झोप येणारे ७.५ टक्के होते. दिल्लीच्या एम्समधून २००९ मध्ये आलेल्या लोकवस्तीतील अभ्यासात स्लीप ॲप्नियाचे प्रमाण ९.३ टक्के होते. मोजण्याच्या पद्धती आणि निवडलेले लोक वेगळे असल्याने आकडे जुळत नाहीत, पण विकार घराघरांत आहे एवढे दोन्हींवरून दिसते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा रुग्णालयाने मृत्यूच्या कारणात स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केला, आणि हा शब्द पहिल्यांदाच अनेक घरांतल्या बोलण्यात आला.

यंत्र काय करते

१९८० पर्यंत तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय जवळजवळ एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. भिंती आतल्या ओढीने मिटत असतील, तर आतूनच थोडा जास्त दाब देऊन त्या उघड्या ठेवता येतील. त्यांनी पंख्याची मोटर, नळी आणि नाकावर चिकटवलेला मास्क यांचे एक ओबडधोबड यंत्र केले आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. पाण्याच्या स्तंभाच्या मापात ४.५ ते १० सेंटिमीटर एवढ्या दाबाने त्या सर्वांचा घसा रात्रभर उघडा राहिला. आजची यंत्रे लहान आणि शांत झाली आहेत. तत्त्व तेच आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. सीपॅप श्वास ‘देत’ नाही. तो ऑक्सिजनचा सिलिंडर नाही आणि व्हेंटिलेटरही नाही. खोलीतलीच हवा किंचित दाबाने घशात ठेवतो, एवढेच. श्वास तुम्ही स्वतःच घेता. दाब किती? वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १,०३३ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे १० सेंटिमीटरचा दाब हा वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. चेहऱ्यावर मात्र तो वादळासारखा वाटतो. भीती आणि वस्तुस्थिती यांतले हे अंतर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते.

पहिल्या चार रात्री

अमेरिकेतील संशोधक टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवली. रुग्ण यंत्र रोज किती तास वापरतात याची नोंद त्यांनी यंत्रातच घेतली. रुग्णांचे दोन गट पडले: जवळजवळ रोज वापरणारे, आणि मध्ये मध्ये रात्री सोडणारे. हे दोन गट पहिल्या चार रात्रींतच एकमेकांपासून वेगळे दिसू लागले होते.

आता आपल्याकडे काय घडते ते पाहा. तपासणी होते, डॉक्टर यंत्र लिहून देतात, विक्रेत्याचा माणूस खोके घेऊन येतो, बटण दाखवतो, मास्क एकदा बसवून पाहतो आणि जातो. पुढची भेट महिन्याने. म्हणजे ज्या चार रात्रींत सगळे ठरते, त्या चार रात्री रुग्ण एकटा असतो. माझ्या मते उपचारातली सर्वांत मोठी फट ही आहे आणि ती मशीन बदलून बुजत नाही. पहिल्या आठवड्यात कुणीतरी रोज सकाळी विचारणारे हवे: काल किती वेळ लावले, काय टोचले, कुठून हवा गेली? हे काम घरातला विद्यार्थी फोनवरूनही करू शकतो.

‘जीव गुदमरतो’ ही पहिली तक्रार. श्वास बाहेर सोडताना समोरून येणाऱ्या हवेविरुद्ध सोडावा लागतो, म्हणून असे वाटते. बहुतेक यंत्रांत सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय असते. तिला रॅम्प म्हणतात. उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरवण्याचीही सोय अनेकांत असते. पण उलटेही होते: रॅम्प ४ सेंटिमीटरपासून सुरू झाला तर काहींना हवा ‘पुरत नाही’ असे वाटते, आणि सुरुवातीचा दाब थोडा वाढवल्यावर बरे वाटते. म्हणून ‘दाब कमी करा’ एवढेच सांगू नका. गुदमरणे श्वास घेताना होते की सोडताना, ते डॉक्टरांना नेमके सांगा.

ज्यांना मास्कचीच धास्ती वाटते त्यांनी त्याची सवय जागेपणी करावी. संध्याकाळी बातम्या पाहताना मास्क नुसता हातात धरून नाकाला लावायचा, पट्टे न बांधता. दोन दिवसांनी पट्टे बांधून, नळी न जोडता. मग यंत्र सुरू करून खुर्चीत बसून, मग दुपारच्या डुलकीला, मग रात्री. पायरी चढताना घाबरायला झाले तर एक पायरी खाली उतरायचे. पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. आजोबांना हे पोरखेळ वाटेल. पण अंधारात, अंथरुणावर, पहिल्यांदाच पूर्ण दाबाने मास्क बांधण्यापेक्षा हा खेळ परवडतो.

मास्कचे गणित

गळती होते म्हणून लोक पट्टे आवळतात, आणि गळती वाढते. असे का? नाकावरचा मास्क ३० चौरस सेंटिमीटर जागा झाकतो असे धरा. १० सेंटिमीटर दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १० ग्रॅम वजनाएवढे बल. म्हणजे मास्कला चेहऱ्यापासून ढकलणारे बल ३०० ग्रॅम वजनाएवढे झाले. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क ८० चौरस सेंटिमीटरचा धरला तर तेच ८०० ग्रॅम. पट्ट्यांनी एवढेच तोलायचे असते. मास्कची सिलिकॉनची पातळ कड हवेने फुगून त्वचेला बसते. पट्टा फार आवळला तर ती चुरगळते, फुगत नाही आणि घडीतून हवा निसटते. वर नाकाच्या दांड्यावर जखम होते, ती वेगळीच.

म्हणून मास्क बसवायचा तो आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून आणि नेहमीच्या कुशीवर वळून पाहून. बसून बसवलेला मास्क आडवे झाल्यावर सैल होतो, कारण गालांचा आकार बदलतो. तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरते, तेव्हा झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि क्रीम लावू नये. मास्कवर बारीक भोके असतात आणि त्यांतून सतत हवा येते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर जातो, त्यामुळे आवाज येतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावणे धोक्याचे आहे.

दिल्लीत दाढी राखणारे शीख रुग्ण पुष्कळ, आणि मराठी आजोबांच्या झुपकेदार मिशाही कमी नाहीत. केसांवर मोठ्या मास्कची कड बसत नाही. अशा वेळी नुसत्या नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क मागून पाहावा. दाढी काढा असे सांगणारा विक्रेता भेटला तर दुसरा विक्रेता शोधावा.

नाक, पाणी आणि दिल्लीचे ऋतू

तोंड कोरडे पडणे आणि नाक चोंदणे या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. झोपेत तोंड उघडले की यंत्राची हवा नाकातून आत येऊन तोंडातून बाहेर पडते. नाकातून एकाच दिशेने वारा वाहतो, आतली त्वचा सुकते, सुजते, नाक बंद होते. नाक बंद झाले की तोंड आणखी उघडते. ही साखळी तोडण्यासाठी यंत्रात पाणी तापवून हवा दमट करणारी टाकी असते. तिच्यासोबत झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे नाकात मारल्यास अनेकांना आराम पडतो. तरीही नाक बंदच राहत असेल तर ॲलर्जी किंवा नाकाचा वाकडा पडदा यांची तपासणी लागते.

मे-जूनमध्ये लू वाहते तेव्हा हवा इतकी कोरडी असते की टाकीचे सेटिंग वाढवावे लागते. खोलीत कूलर असेल तर हवा आधीच दमट असते. तेव्हा तेच सेटिंग जास्त होते. जानेवारीत उलटा प्रकार. बहुतेक घरांत रात्रभर हीटर नसतो, खोली गार असते, आणि टाकीतून निघालेली उबदार दमट हवा थंड नळीत शिरताच तिच्यातले पाणी नळीच्या भिंतीवर साचते. मग पहाटे तीनला नळीत गुळगुळ आवाज येतो आणि नाकावर थेंब पडतो. यंत्र बिघडलेले नसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते तीच ही गोष्ट. नळी रजईच्या आतून घ्यावी, यंत्र अंथरुणापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे म्हणजे पाणी मागे उतरेल, किंवा दमटपणा एका अंकाने कमी करावा. तापणारी नळीही मिळते.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या भागांत बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याचा पांढरा थर टाकीत बसतो. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यातही थोडे क्षार राहतात. उरलेले पाणी रोज सकाळी फेकून टाकी धुऊन वाळवावी, ते दुसऱ्या रात्रीसाठी ठेवू नये.

नोव्हेंबरमध्ये धुरक्याचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो: यंत्र विषारी हवा जोराने आत ढकलते का? यंत्र खोलीतलीच हवा घेते, जी तुम्ही एरवीही घेतली असती. त्याची पांढरी जाळी मोठी धूळ अडवते. सूक्ष्म कण ती पूर्ण अडवत नाही आणि वायू तर अजिबात नाही. त्यामुळे सीपॅपला एअर प्युरिफायर समजू नये. प्युरिफायर असल्यास तो खोलीत वेगळा लावावा. जाळी मात्र दर आठवड्याला काढून पाहावी. पुस्तिकेत बदलण्याची जी मुदत लिहिलेली असते तिच्या आधीच दिल्लीत ती करडी पडते, आणि करडी झाली की बदलायची. वापरून फेकायची जाळी धुऊन पुन्हा लावू नये. यंत्र जमिनीवर, पडद्याजवळ किंवा देवघरातल्या उदबत्तीजवळ ठेवू नये.

वीज गेली तर?

उन्हाळ्यात वीज जाते, आणि ‘झोपेत वीज गेली तर मी मरेन’ या भीतीने काही जण यंत्र लावतच नाहीत. नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळे असते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब गेला की उघडणारी झडप असते. दाब थांबल्यावर फार तर जुना विकार परत सुरू होतो आणि बहुधा माणूस जागा होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर चालवता येते. तो शुद्ध साइन वेव्हचा असावा हे विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. यंत्रात सर्वांत जास्त वीज खातो तो पाणी तापवणारा भाग. बॅटरी पुरवायची असेल तर तो बंद ठेवावा.

सुट्टीत दिल्लीहून गावी जाताना रेल्वेच्या बर्थजवळील मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नका. रात्री ते बंद असू शकते. विमानात यंत्र हातातल्या सामानात घ्यावे.

रात्र अर्धवट राहिली तर

सकाळी उठल्यावर मास्क उशीशेजारी सापडतो आणि काढल्याचे आठवत नाही. हे पहिल्या आठवड्यांत अगदी नेहमीचे आहे. जाग येईल तेव्हा पुन्हा लावायचा, बस. काही जणांना पहिल्या रात्रींत लांबलचक, ठसठशीत स्वप्ने पडतात. स्वप्नांची झोप आजवर पुन्हा पुन्हा मोडत होती. ती अडथळा नसताना भरपाई करून घेते. काहींच्या पोटात हवा जाऊन ढेकर आणि फुगारा येतो. तो रोजचा झाला तर दाब तपासून घ्यावा लागतो.

‘चार तास लावले की पुरे’ असे तुम्ही ऐकाल. हा आकडा अमेरिकेतील विमा व्यवस्थेने पैसे देण्यासाठी ठरवलेल्या अटीतून आला आहे: रात्री किमान चार तास, ७० टक्के रात्री. शरीराला ती अट माहीत नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि तेव्हा स्नायू सर्वांत सैल असल्याने अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. एएचआय ३० असलेल्या माणसाने पहाटे दोनला मास्क काढला आणि सहाला उठला, तर त्या चार तासांत सुमारे १२० घटना झाल्या, कदाचित जास्तच. दुपारी झोपणाऱ्याने दुपारीही मास्क लावायचा तो याच कारणासाठी.

मग फायदा नक्की कशाचा? प्रामाणिक उत्तर असे. दिवसाची झोप कमी होणे, घोरणे थांबणे, डोके हलके वाटणे याचा पुरावा भक्कम आहे. रक्तदाब थोडा उतरतो. हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके टळतात का, हे पाहणारी ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ जण तीत होते आणि भारतातील केंद्रेही होती. सीपॅपने झटके कमी झाल्याचे तीत दिसले नाही. पण त्यांनी यंत्र सरासरी ३.३ तासच वापरले होते. जास्त वापराने निकाल वेगळा लागला असता का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. घरच्यांना समजावताना ‘हे लावले नाही तर हार्ट ॲटॅक येईल’ असे सांगू नका. ते शास्त्राला धरून नाही, आणि घाबरलेला माणूस यंत्र जास्त वापरतो असेही नाही.

त्यापेक्षा एपवर्थची प्रश्नावली वापरा. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, रहदारीत थांबलेल्या गाडीत अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत सांगायची. एकूण २४, आणि १० च्या वर म्हणजे जास्त. यंत्र येण्याआधी एकदा आणि मग महिन्याने एकदा भरून घ्या. जो माणूस रोज फरिदाबादहून गुरुग्रामला गाडी चालवत जातो, त्याला स्वतःच्या हाताने लिहिलेला १६ चा ९ झालेला दिसणे कोणत्याही उपदेशापेक्षा पटते. गुण जास्त असतील तोवर यमुना एक्स्प्रेस वेसारख्या सरळ, लांब रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावे.

यंत्र घेताना आणि परत भेटीला जाताना

शक्य असेल तर आधी भाड्याने घेऊन पाहावे. राजधानी परिसरात अशी सोय मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांसाठी सीजीएचएसमध्ये यंत्राच्या खर्चाच्या परतफेडीची तरतूद आहे, पण तपासणीचा अहवाल आणि परवानगीची कागदपत्रे आधी लागतात. जुने यंत्र घेताना मॉडेल तपासा: फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आवाज दाबणारा आतला फोम खराब होत असल्याने आपली अनेक सीपॅप यंत्रे परत बोलावली होती. कुणा नातेवाइकाचे यंत्र त्याच्याच दाबावर लावून झोपणे तर टाळाच.

नाकातून रक्त येणे, कान दुखणे, सायनसचा तीव्र संसर्ग, छातीत दुखणे किंवा डोक्याला नुकतीच इजा झालेली असणे, यांपैकी काही असेल तर थांबून आधी डॉक्टरांना फोन करावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, हेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

पहिली भेट महिन्याने दिली असेल तर दहा-बारा दिवसांची मागून घ्या. एम्स किंवा सफदरजंगसारख्या सरकारी रुग्णालयात गर्दी असते, तेव्हा बोलायला मिळणाऱ्या पाच मिनिटांची तयारी घरी करावी. यंत्र किंवा त्याचे कार्ड आणि मास्क सोबत न्यावेत. पडद्यावर दिसणारे तीन आकडे वहीत उतरवावेत: रोजचे तास, गळती, आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय. तास कमी आणि गळती जास्त असेल तर प्रश्न मास्कचा. तास भरपूर आणि गळती कमी असूनही उरलेला एएचआय जास्त असेल तर प्रश्न दाबाचा किंवा निदानाचा. सगळे आकडे चांगले असून माणूस पेंगतच असेल तर झोपेचे तासच कमी आहेत का, थायरॉईड किंवा एखादे औषध कारण आहे का, हे पाहावे लागते. वहीच्या शेवटी शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे एका ओळीत लिहा. घोरणे थांबले की नाही, हे आईला विचारल्याशिवाय बाबांना कळणार नाही.